चावी मिळाली, हँडल कधी मिळणार?

पेपरात एक फोटो वरचेवर छापून येतो. तुम्हीही बघितला असेल. रांगेत उभ्या नव्याकोऱ्या रिक्षा, त्यांना झेंडूच्या माळा, समोर मान्यवर आणि त्यांच्या हातून भलीमोठी पुठ्ठ्याची चावी घेणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्या बायका. कुणाच्या डोक्यावर पदर, कुणाच्या अंगावर नवा ड्रेस. फोटो बघून बरं वाटतंच. पण माझा निम्मा दिवस स्वयंपाकघरात आणि उरलेला बचत गटांच्या वह्यांत जातो. त्यामुळे मनात लगेच पुढचा प्रश्न येतो. सहा महिन्यांनी याच रिक्षांचा फोटो काढला, तर हँडलवर कुणाचे हात दिसतील?

प्रश्न खोचक वाटेल, पण उगीच नाही विचारत. आमच्या तालुक्याच्या गावात बायकांच्या नावावर असलेल्या ज्या रिक्षा माझ्या माहितीतल्या आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त नवरा नाहीतर दीर चालवतो. काचेवर तिचं नाव, आरसी बुकात तिचं नाव, बँकेच्या हप्त्याच्या पुस्तकात तिचं नाव. आणि ती? ती संध्याकाळी रिक्षा पुसते. विचारलं तर म्हणते, "जमलंच नाही हो ताई, भीतीच वाटते."

या "जमलंच नाही" वर मला आज लिहायचंय. कारण तिला जमलं नाही, हे खरं नाही. तिला शिकू दिलं गेलं नाही, हे खरं आहे. गाडी देणं हा एक दिवसाचा कार्यक्रम असतो. हात तयार करणं हे दीड-दोन महिन्यांचं काम असतं. आपण पहिल्याचे फोटो काढतो आणि दुसऱ्याला वेळच देत नाही.

आधी पैशांचं बघू, म्हणजे यात बाईचं काय पणाला लागलंय ते कळेल. राज्य सरकारने २०२४ साली 'पिंक ई-रिक्षा' योजना मंजूर केली. १७ शहरांतल्या १० हजार महिलांना विजेवर चालणारी रिक्षा मिळावी, असं ठरलं. किमतीच्या २० टक्के रक्कम सरकारचं अनुदान, १० टक्के त्या बाईने स्वतः भरायचे आणि उरलेलं ७० टक्के बँकेचं कर्ज. म्हणजे ही गाडी फुकट मिळालेली नाही. तिच्या नावावर कर्ज आहे आणि ते काही वर्षं चालणार आहे. मंगळसूत्रातले मणी मोडून दहा टक्के भरणाऱ्या बायका मी पाहिल्यात. हप्ता थकला तर नोटीस तिच्या नावाने येणार. लायसन्स नसलेल्या भाच्याने गाडी नेली आणि कुणाला धडक दिली, तर कायदा मालकिणीलाही विचारणार. जबाबदारी सगळी तिची आणि हँडल तेवढं दुसऱ्याचं, हा कुठला हिशोब?

आता मूळ मुद्द्याकडे येते. रिक्षा शिकणं म्हणजे नेमकं काय शिकणं? घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "त्यात काय शिकायचंय? तीन चाकं आहेत, पडत तर नाही!" या एका वाक्याने फार नुकसान केलंय. यामुळेच बाईला चार दिवसांत शिकवून मोकळं होता येतं आणि पाचव्या दिवशी ती घाबरली की "हिला जमत नाही" असा शिक्का मारता येतो.

रिक्षा ही मोटारीची धाकटी बहीण नव्हे, ती स्कूटरच्या घराण्यातली. इटलीत पियाजिओ कंपनीने आधी व्हेस्पा स्कूटर काढली आणि १९४८ साली त्याच धर्तीवर तीन चाकांची सामानाची गाडी काढली. तिचं नाव ठेवलं 'आपे'. इटालियन भाषेत आपे म्हणजे मधमाशी आणि व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. आपल्याकडे खेडोपाडी "आपे आली का?" असं विचारतात ना, ती हीच मधमाशी. म्हणून तर रिक्षाला गोल स्टिअरिंग नसतं, स्कूटरसारखं हँडल असतं. ड्रायव्हर मधोमध बसतो. गिअरच्या रिक्षात डाव्या मुठीत क्लच आणि गिअर, उजव्या मुठीत ॲक्सिलेटर आणि उजव्या पायाखाली ब्रेक. दिसायला स्कूटर, पण वागायला अजिबात स्कूटर नाही. खरी गोम इथेच आहे.

आमच्या गटातल्या सहा जणी शिकायला तयार झाल्या तेव्हा मीही त्यांच्यासोबत बसले. आठवडी बाजाराचं मैदान बाजाराचा दिवस सोडून मोकळंच असतं. शिकवायला गावातले एक जुने रिक्षावाले काका तयार झाले. साठी उलटलेले, तोंडात सुपारी, आवाज कधी चढवायचे नाहीत. "बाई, गाडीला घाई कळत नाही, वजन कळतं," हे त्यांचं पालुपद. त्यांच्याकडून जे शिकायला मिळालं ते इथे सांगते. घरचे "त्यात काय" म्हणाले की तुमच्याकडे उत्तर असावं.

पहिला धडा पायाचा. स्कूटी चालवणारीला सवय असते, गाडी थांबली की पाय खाली. रिक्षात ही सवय घातक. पाय बाहेर काढायचाच नाही, तो ब्रेकजवळ हवा. ऐकायला सोपं वाटतं, पण सवय मोडायला आठवडा जातो. सहा जणींमध्ये दोघी रोज स्कूटीवर फिरणाऱ्या होत्या आणि एकीने आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. पहिले चार दिवस ही सायकल न चालवलेलीच सगळ्यांत पुढे होती! कारण तिला विसरायचं असं काहीच नव्हतं.

दुसरा धडा वळणाचा, आणि हा सगळ्यांत महत्त्वाचा. दुचाकी वळवताना आपण हँडल फारसं फिरवतच नाही. अंग जरा झुकवतो, गाडी झुकते आणि वळते. रिक्षात अंग कितीही झुकवा, हँडल वळवल्याशिवाय ती सरळच जाणार. वळली तरी ती आत झुकत नाही, उलट आपल्यालाच बाहेरच्या बाजूला ढकलते. वेग जास्त असेल तर मागचं आतल्या बाजूचं चाक जमिनीवरून उचललं जातं. म्हणजे "पडत तर नाही" हे खोटंच. वळणात घाबरून कचकन ब्रेक मारला तर आणखी वाईट. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे येतो आणि पुढे तर एकच चाक. आधाराला बाजूला कोणीच नाही. म्हणून काकांचा नियम असा, की वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. वळण संपल्यावर, हँडल सरळ झाल्यावर मूठ पिळायची. हे वाक्य आमच्या सहा जणींनी पाढ्यासारखं पाठ केलं.

तिसरा धडा खड्ड्यांचा. आपल्या रस्त्यांवर हा वेगळा विषयच म्हणायला हवा. स्कूटीची वाट एक. मोटारीच्या दोन, त्यामुळे मधला दगड दोन चाकांच्या मधून जाऊ देता येतो. रिक्षाच्या वाटा तीन. पुढचं चाक मधोमध, मागची दोन कडेला. पुढचं चाक खड्ड्यातून वाचवलं की मागचं हमखास त्यात जातं. म्हणजे प्रत्येक खड्डा चुकवता येत नाही. कुठला घ्यायचा आणि किती हळू घ्यायचा, हे ठरवावं लागतं. स्पीडब्रेकरवरही तेच. दुचाकीवाले कडेच्या फटीतून निघून जातात. रिक्षाने तिरकं जायचं नाही, सरळ आणि सावकाश जायचं.

चौथा धडा रस्त्याच्या कडेचा. डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. या उताराने रिक्षा कडेला ओढली जाते, हँडल सतत जरासं धरून ठेवावं लागतं. डांबर संपतं तिथे साइडपट्टी कधी वीतभर खाली असते. समोरून ट्रक आला म्हणून घाबरून डावं चाक खाली उतरवलं, की गाडी कलंडायला वेळ लागत नाही. रिक्षा मागे साधारण सव्वा मीटर रुंद असते आणि आपण बसतो पुढे मधोमध. आपल्या पाठीमागे दोन्ही बाजूंना किती गाडी आहे, याचा अंदाज डोळ्यांना नाही, अंगाला यावा लागतो. काकांनी त्यासाठी दोन विटा मांडल्या आणि त्यांच्या मधून रोज वीस वेळा जायला लावलं. रोज विटा थोड्या जवळ सरकवायचे. तिसऱ्या आठवड्यात आमची सायकल न चालवलेली मैत्रीण रिव्हर्समध्ये त्या विटांमधून बाहेर आली, तेव्हा मैदानाच्या कडेला भाजी निवडत बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

विजेच्या रिक्षात क्लच-गिअरची कटकट नसते. मूठ पिळली की चालली. त्यामुळे "ई-रिक्षाला तर शिकायचंच नाही" असंही म्हणतात. पण वळण तेच, खड्डे तेच, साइडपट्टी तीच. उलट मूठ पिळताच जोर एकदम येतो, म्हणून हात फार हळुवार लागतो. आणि गाडीला आवाज नाही. पायी चालणारी म्हातारी माणसं, रस्त्यात बसलेली कुत्री, कुणालाच ती येताना ऐकू येत नाही. तिथे आपणच जास्त सावध राहायचं.

आता सांगा, हे सगळं चार दिवसांच्या शिबिरात बसेल? त्यातला निम्मा दिवस उद्घाटनात आणि अर्धा चहा-वड्यात जातो. आमच्या सहा जणींना मैदानावर तीन आठवडे लागले आणि त्यानंतर रस्त्यावर, काका शेजारी बसलेले असताना, आणखी तीन. रोजचा फक्त एक तास. पण हा एक तास कुठून आणायचा?

खरी अडचण हँडलची नाही, घड्याळाची आहे. रस्ता मोकळा असतो पहाटे सहा ते आठ. आणि बाईसाठी दिवसातली सगळ्यांत गच्च वेळ तीच. नळाला पाणी तेव्हाच येतं, डबे तेव्हाच, शाळेची तयारी तेव्हाच, सासूबाईंचा चहा आणि गोळ्या तेव्हाच. पुरुष शिकायला निघाला की घर त्याच्यासाठी थांबतं. बाई शिकायला निघाली की तिने घर आवरून निघायचं असतं. आम्ही शेवटी दुपारी अकरा ते एक ही वेळ धरली. ऊन होतं, पण जणी येऊ शकल्या. शिबिरं भरवणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात घेतली तरी गळती निम्म्याने थांबेल, असा माझा अनुभव सांगतो.

दुसरी अडचण शिकवणाऱ्याची. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवणं हा प्रकार तुम्हाला ठाऊक आहेच. दहा मिनिटांत आवाज चढतो, वीस मिनिटांत माहेर निघतं. "अगं क्लच! क्लच म्हणतोय ना!" असं चार माणसांत ओरडल्यावर कुठली बाई दुसऱ्या दिवशी हँडलला हात लावेल? चूक झाली की गाडी बंद पडते, एवढंच होतं. पण त्यावर हसणारी माणसं तिच्या मनात वर्षभर चालू राहतात. म्हणून शिकवणारा घरातला नको. बाई शिक्षिका मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर आमच्या काकांसारखा सबुरीचा माणूस शोधा. गावात असा एखादा तरी असतोच.

कागदपत्रांबद्दल दोन शब्द, कारण अजून गैरसमज आहेत. पूर्वी वाहतुकीच्या गाडीच्या लायसन्ससाठी आठवी पास असण्याची अट होती. सातवीत शाळा सुटलेल्या कितीतरी जणी तिथेच अडायच्या. केंद्र सरकारने २०१९ साली ही अट काढून टाकली. म्हणजे शाळेचा दाखला नाही म्हणून आता मागे हटायचं कारण नाही. वाहतुकीची गाडी चालवायला वय किमान २० हवं. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर किमान ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. प्रवासी रिक्षासाठी आपल्या राज्यात बॅजही लागतो. हे ३० दिवस नुसते वाट बघण्याचे नाहीत, सरावाचे आहेत. एजंटला पैसे देऊन परीक्षा "मॅनेज" करून घेऊ नका, बायांनो. लायसन्स मिळेल, पण वळणावर तो एजंट येणार नाही.

"हे बायकांचं काम नव्हे" म्हणणाऱ्यांना एक नाव सांगते. परभणीच्या शीला डावरे. तरुणपणी घर सोडून त्या पुण्यात आल्या आणि १९८८ साली रिक्षा चालवू लागल्या. देशातली पहिली महिला रिक्षाचालक म्हणून त्यांची नोंद 'लिम्का बुक'मध्ये झाली. तेव्हा ना अनुदान होतं, ना गुलाबी रंग, ना राखीव परवाने. आणि त्या आल्या होत्या मराठवाड्यातून, मुंबईतून नव्हे. या गोष्टीला पस्तीस वर्षांहून जास्त काळ झाला. एकटीला जे तेव्हा जमलं, ते आज योजना, कर्ज आणि परवाने हाताशी असताना आपल्या गावातल्या बाईला का जमू नये?

आता दुसरी बाजू. काही मैत्रिणीच मला म्हणतात, "अगं, नवऱ्याने चालवली म्हणून काय बिघडलं? पैसा घरातच येतो ना?" प्रश्न रास्त आहे. ज्या घरात दोघं मिळून ठरवतात, सकाळी ती आणि रात्री तो अशी पाळी लावतात, तिथे मला काहीच म्हणायचं नाही. आमच्या सहा जणींतली एक असंच करते आणि हप्ता वेळेवर फिटतोय. पण बहुतेक घरांत असं ठरवलं जात नाही, तसं होऊन जातं. तो चालवायला लागतो, दिवसाची कमाई त्याच्या खिशात जाते आणि हप्त्यासाठी ती त्याच्यापुढे हात पसरते, स्वतःच्याच गाडीच्या हप्त्यासाठी! आणि उद्या तो आजारी पडला, नोकरीवर लागला किंवा देव न करो, सोडून गेला, तर दारात उभी असलेली गाडी तिला फुटभरही हलवता येत नाही. विकताना भाव पाडणारे तेवढे पटकन येतात.

आपण हे आधी एकदा पाहिलंय. पंचायतींमध्ये बायकांसाठी राखीव जागा आल्या, २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्यावर नेल्या. सुरुवातीला गावोगावी काय झालं? सही तिची, खुर्ची त्याची. 'सरपंचपती' नावाचं पदच तयार झालं. आजही ते पुरतं गेलेलं नाही. पण ज्या बायकांना कुणीतरी ठराव कसा वाचायचा, खर्चाची वही कशी तपासायची हे बसून शिकवलं, त्या हळूहळू खुर्चीत सरकल्या. नावापासून कामापर्यंतचा रस्ता सरावानेच ओलांडला जातो. रिक्षाचंही तेच आहे. 'रिक्षापती' तयार व्हायचे नसतील, तर आत्ताच जागं व्हायला हवं.

"रस्त्यावर बाई सुरक्षित आहे का?" हाही प्रश्न येतो. काळजीने विचारणाऱ्यांना मी उत्तर देते, टोमणा मारणाऱ्यांना नाही. स्टँडवर पहिले पंधरा दिवस त्रास होतो. नंबर मोडतात, हॉर्न वाजवतात, "मॅडम, बाजूला घ्या" म्हणतात. आमच्या जणी पहिल्या महिन्यात दोघी-दोघीने स्टँडवर जायच्या. हळूहळू शाळेची मुलं, बाळंतपणासाठी दवाखान्यात निघालेल्या लेकी, देवळात जाणाऱ्या आज्या यांनी मुद्दाम त्यांचे फोन नंबर घेतले. आता तेच स्टँडवाले "ताईंचा नंबर आहे" म्हणून गिऱ्हाईक पाठवतात. एक नियम त्यांनी पहिल्या दिवसापासून पाळला, मागे तीन म्हणजे तीनच. पुढे आपल्या शेजारी चौथा माणूस बसवला की हँडल पुरतं वळत नाही. त्यावर दोन गिऱ्हाइकं गेली तरी चालतील, असं त्यांनी ठरवून टाकलं. आणि स्टँडजवळ स्वच्छ स्वच्छतागृह नाही, ही अडचण मात्र अजून तशीच आहे. दिवसभर पाणी न पिता गाडी चालवणाऱ्या बाईच्या तब्येतीचं काय होतं, हे नगरपालिकेत बसणाऱ्यांनी एकदा आपल्या घरच्या बाईला विचारावं.

सहा जणींचं पुढे काय झालं, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. चौघी आज रोज रिक्षा चालवतात. पाचवी उत्तम शिकली होती, पण तिची गाडी दीर घेऊन गेला तो गेलाच. सहावीने शिवणकाम निवडलं आणि तो तिचा निर्णय होता. म्हणजे शिकवलं की सगळं सुटतं असं नाही. पण चौघींच्या घरात आता हप्त्याचा विषय निघाला की त्या मान वर करून बोलतात. हा फरक मी रोज बघते.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. ज्या योजनेत बाईला तीन चाकी गाडी द्यायची, तिथे चावीच्या आधी सराव द्या, मैदानावरचा आणि रस्त्यावरचा मिळून किमान सहा आठवड्यांचा. त्यासाठी तालुक्याला एक तरी सरावाची गाडी ठेवा, म्हणजे कर्ज काढण्याआधीच हे आपल्याला जमतं का, आवडतं का, हे बाईला कळेल. वर्गाची वेळ बायकांना विचारून ठरवा. आणि सहा महिन्यांनी कुणीतरी जाऊन बघा, गाडी कोण चालवतंय. किती चाव्या वाटल्या हा आकडा सांगू नका, किती जणी चालवतात तो सांगा.

आणि मैत्रिणींनो, थोडं आपल्याकडेही. आपल्यातल्या बहुतेक जणी कधी रिक्षा चालवणार नाहीत, हे मला माहीत आहे. पण स्टँडवर बाईची रिक्षा उभी असेल तर आपण मुद्दाम तिच्यात बसतो का? की "हिला नीट येत असेल ना?" म्हणून पुढच्या रिक्षाकडे वळतो? शेजारची सून शिकायला निघाली तर तिचं पोर तासभर आपल्या ओट्यावर बसवून घेतो का? सासू म्हणून, जाऊ म्हणून सकाळचे दोन डबे आपण भरतो का? सरकारकडे मागायचं ते मागूच. पण रोजचा एक तास सरकार देऊ शकत नाही, तो घरातूनच द्यावा लागतो.

तुमच्या ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिच्या दारात तिच्याच नावाची रिक्षा उभी आहे आणि जी म्हणते "मला नाही जमत", तर या रविवारी तिला एवढंच विचारा, "तुला किती दिवस शिकवलं?" दिवस मोजायला तिच्या एका हाताची बोटं पुरली, तर तिला मैदानावर घेऊन जा. जाताना दोन विटा बरोबर न्या.